ठोकळ्यांच्या रांगेतली वाट

आमच्या बर्नफूट या कोळ्यांच्या गावात निम्मी घरं काउई आडनावाची, आणि त्या घरांतल्या बायकांपैकी निम्म्यांचं नाव एल्स्पेट. एल्स्पेटला लाडानं एप्पी म्हणायचं, हेही ठरलेलं. त्यामुळे नावापुढे काहीतरी शेपूट लावल्याशिवाय पोस्टमनचा निभाव लागत नसे. एक तांबडी एप्पी, एक टेकडीवरची एप्पी, एक नुसतीच बडबडी. आपण जिच्याबद्दल बोलतोय ती पाठीची एप्पी.

पाठही तशीच होती. दारात उभी राहिली तर घरात उजेड यायचा थांबे. बर्नफूटला धक्का नाही, बंदर नाही. होड्या पुळणीवर ओढून ठेवायच्या आणि सकाळी परत लोटायच्या. होडी तरंगेपर्यंत माणूस कंबरभर पाण्यात. आमचं पाणी हाडात शिरणारं, आणि सकाळी भिजलेले कातडी बूट संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. म्हणून पूर्वीपासूनची रीत अशी, की बायकांनी परकर खोचून पुरुषाला पाठुंगळी घ्यायचं आणि कोरड्या पायांनी होडीत नेऊन बसवायचं. पुढे रबरी बूट आले आणि बाकीच्या बायकांनी हुश्श केलं. एप्पीनं मात्र नवऱ्याला, म्हणजे डॉडला, रबरी बूट घेऊच दिले नाहीत.

"रबरात पाय सडतात," ती म्हणायची.

"माझं काय जातंय," डॉड म्हणायचा, "फुकटात घोडा मिळतोय."

त्या पाठीवरून होडीत गेलेला आणि परत न आलेला माणूस एकच. तिचा मुलगा सँडी.

त्या सकाळी मायलेकरं पुळणीकडे निघाली आणि वाटेत पाद्री मिस्टर गिलख्रिस्ट आडवे आले. आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला पाद्री दिसला, की त्यानं मुकाट्यानं घरी फिरायचं. त्या दिवशी होडी नाही. किनाऱ्यावर पाद्री हा शब्दसुद्धा काढायचा नाही, 'काळ्या कोटातला' म्हणायचं. आणि चुकून तोंडातून निघालाच, तर अपशकुन टळावा म्हणून जे असेल त्या लोखंडाला हात लावून 'गार लोखंड' म्हणायचं. रविवारी देवळात हाच माणूस आदराचा. सोमवार ते शनिवार मात्र कुणाला समोर नको. मिस्टर गिलख्रिस्ट परगावचे होते, पण एवढं त्यांनाही कळलं होतं. त्या दिवशी बिचारे कुणाचा तरी ताप बघायला निघाले होते.

सँडी हसला. "आई, तो सर्दी झालेला म्हातारा माझं काय वाकडं करणार?"

एप्पीलाही हसू आलं. तरणाताठा पोरगा, स्वच्छ आभाळ. तिनं परकर खोचला आणि त्याला पाठीवर घेतलं. दुपारी वारा फिरला. होडी सापडली, वल्ही सापडली, सँडी नाही. तेव्हापासून एप्पी मिस्टर गिलख्रिस्टांशी एक शब्द बोलली नव्हती. देवळात जायची, भजनं म्हणायची, पण भिंतीकडे बघून. राग त्यांच्यावर जेवढा होता, त्याहून जास्त स्वतःच्या त्या हसण्यावर होता, आणि हे ती कुणाला सांगत नसे.

मग लढाई आली. फ्रान्स पडला आणि आता जर्मन आपल्याच पुळणीवर रणगाडे उतरवणार, असं सगळे बोलू लागले. आमची पुळण रुंद, सपाट, घट्ट वाळूची. रणगाड्यांसाठीच कुणी करून ठेवल्यासारखी. आमची जवान पोरं सुरुंग काढणाऱ्या बोटींवर गेलेली. तेव्हा पुळण अडवायला सरकारनं पाठवलं कोणाला, तर पोलंडच्या फौजेला. त्यांचा देश गेलेला, घरदार गेलेलं, आईबाप जिवंत आहेत का नाहीत ठाऊक नाही. आणि हे लोक परक्याच्या पुळणीला कुंपण घालायला पावसात उभे! आमचं गाव तसं कुणाला चटकन जवळ करणारं नाही, पण हे दृश्य बघून पहिल्याच आठवड्यात बायका त्यांच्यासाठी मोजे विणायला बसल्या. तो रणगाडा शेवटपर्यंत आला नाही, ही गोष्ट वेगळी. येणार नाही हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

फळ्यांचे साचे ठोकायचे, वाळू-खडी-सिमेंट कालवून ओतायचं, आणि साचा काढला की माणसाच्या छातीइतका उंच काँक्रीटचा ठोकळा. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. ऑक्टोबरात रांग आमच्या ओढ्यापाशी पोचली. त्यांचा लेफ्टनंट बिलेत्स्की, ल्वूफ शहराकडचा, चांगल्या घरातला, ओढ्याच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा राहून मापं घेत होता. एप्पी शेजारीच खडकावरचे शिंपले गोळा करत होती. तिला ते बघवेना.

"अरे, मरशील न्यूमोनियानं!" असं म्हणत ती पाण्यात शिरली, त्याच्याकडे पाठ करून वाकली आणि कमरेवर थाप मारली. "चढ."

लेफ्टनंटला काही उमगेना. त्याचा कॉर्पोरल ऑगुस्टिन बुदझिश हा पोलंडमधल्या हेल किनाऱ्यावरच्या कोळ्याचा मुलगा. त्याला आमची भाषा बरीच येऊ लागली होती.

"साहेब, ती चढा म्हणतेय," ऑगुस्टिन हसू दाबत म्हणाला.

"बाईच्या पाठीवर? तिला सांग, पोलंडचा अधिकारी—"

पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही, कारण एप्पी दोन पावलं मागे सरकली आणि पोलंडचा अधिकारी हवेत होता. अख्ख्या पलटणीनं टाळ्या पिटल्या. कोरड्या वाळूवर उतरल्यावर लेफ्टनंटनं टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या, कमरेत वाकला आणि तिचा शिंपल्यांचा वास मारणारा हात उचलून त्याचं चुंबन घेतलं.

"एप्पे," पलीकडून तिची जाऊ मेग ओरडली, "वर्षभर हात धुऊ नकोस हो आता!"

लाजून लाल झाली तरी एप्पीनं संधी सोडली नाही. तिनं वाळूत काठीनं रेघ ओढली, खडकापासून ओढ्यापर्यंत. "हे तुमचे ठोकळे. या आमच्या होड्या. होड्या वर कशा ओढायच्या?"

लेफ्टनंटनं ऑगुस्टिनकडून सांगितलं ते असं: गाडीच्या रुंदीएवढी फट राहिली तरी एक रणगाडा आत येतो, आणि एक आला की मागून सगळे येतात. फट ठेवता येणार नाही. वाईट वाटतं.

त्याचं खरं होतं, आणि तेच वाईट होतं. हिवाळ्यात होडी वर ओढली नाही तर पहिल्या वादळात तिच्या फळ्या होतात. जवळचं बंदर आरमारानं भरलेलं; तिथं आमच्या होड्यांना कोण उभं करणार? पुळण ठोकळ्यांनी बुजली, की बर्नफूटची मासेमारी संपली. डॉड, आणि त्याच्यासारखे जे चार म्हातारे अजून समुद्रावर जात होते, त्यांनी घरात बसायचं.

दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट स्वतः, ऑगुस्टिनला बोलायला बरोबर घेऊन, एप्पीच्या दारात आला. रात्रभर विचार केला असावा, डोळे सुजलेले. एक तोड निघते, म्हणाला. होड्यांपुरती वाट ठेवू. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांत खोबणी करू, आणि लोखंडी रूळ बाजूला रचून ठेवू. धोक्याची शिट्टी झाली, की रूळ उचलून खोबणीत बसवायचे, झाली वाट बंद. पण आमची पलटण पुढच्या पुळणीवर जाणार; रूळ बसवायला इथं कोण आहे?

"आम्ही आहोत की," एप्पी म्हणाली.

त्यानं तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि बहुधा ओढा आठवला. "माझी एक सिगारेट संपायच्या आत सगळे रूळ बसले पाहिजेत," तो म्हणाला. "नाही बसले, तर शनिवारी मी वाटेत काँक्रीट ओतणार. मला तसंच करावं लागेल, माय."

गावच्या बायकांनी आयुष्यभर होड्याच ओढल्या होत्या. एप्पीनं त्यांच्या जोड्या लावल्या, कुणी कुठं धरायचं ते ठरवलं, आणि बुधवारी परीक्षा आली. लेफ्टनंटनं सिगारेट पेटवली, ऑगुस्टिननं शिट्टी फुंकली. घराघरांतून बायका धावत सुटल्या, पुढे एप्पी. रुळांपासून हाकेच्या अंतरावर आल्या असतील नसतील, तेवढ्यात खालच्या रस्त्यानं एक सायकल खडखडत आली. सायकलवर मिस्टर गिलख्रिस्ट. त्यांना वाटलं, जर्मन खरंच उतरले. कोट वाऱ्यावर उडतोय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एका हातात गवत उचलायचं दाताळं.

"भगिनींनो," ते ओरडले, "मी आलो!"

सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. पहिली एप्पी फिरली. तिच्यामागे मेग, मग बाकीच्या. शहाण्या बायकांसारख्या सगळ्या घरी गेल्या आणि दारं लावून घेतली. पुळणीवर उरले ते पाद्री, त्यांचं दाताळं आणि बोट भाजलेला लेफ्टनंट.

लेफ्टनंट पोलिश भाषेत जे बोलला, ते ऑगुस्टिननं कधीच कुणाला सांगितलं नाही. शेवटचं तेवढं कळलं: "रणगाड्याला बघून पळाल्या असत्या तर मी समजलो असतो! पण ह्यांना बघून?"

"साहेब," ऑगुस्टिन म्हणाला, "माझ्या बापाला एकदा आमचे फादर सकाळी सकाळी भेटले. बाप तीन दिवस घरी बसला. आईनं बडवला, तरी गेला नाही. समुद्रावरच्या माणसांचं असंच असतं. त्यांना अजून एकदा संधी द्या."

लेफ्टनंटला हे पटलं असं नाही, पण त्यानं मान हलवली. संध्याकाळी ऑगुस्टिन टोपी हातात घेऊन एप्पीच्या घरी आला.

"माय, शुक्रवारी पुन्हा. पण साहेब म्हणतात, जर्मन येतील त्या दिवशी पा—" त्यानं जीभ चावली आणि दाराच्या कडीला हात लावला. "काळ्या कोटातले घरीच असतील याची हमी कोण देणार? म्हणून शुक्रवारी ते वाटेवरच उभे राहणार. साहेबांनी त्यांना तसं सांगितलंय."

एप्पीनं त्याला ओटची भाकरी दिली, चहा दिला.

डॉड चुलीशी बसून गळांना आमिष लावत होता. "ठोकळे पडले तर पडू देत," तो म्हणाला. "मी बटाटे लावीन मागच्या अंगणात."

"तू? बटाट्यावर गळ टाकशील तू."

डॉड हसला. पुढच्या गळाला आमिष लावत, वर न बघता तो म्हणाला, "पोरगा तिकडे आहे ना, एप्पी. रोज त्याच्या बाजूनं जाऊन येतो, एवढंच."

इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. एप्पीला वाटायचं, हा माशांसाठी जातो.

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं. मिस्टर गिलख्रिस्ट वाटेच्या तोंडाशी, ठोकळ्याला टेकून उभे होते. कोट काढून ठेवू का, असं त्यांनी विचारून पाहिलं होतं. लेफ्टनंट नाही म्हणाला. बिचारे जमिनीकडे बघत होते, जणू आपण कुणाला दिसूच नये. एका ठोकळ्यावर चढून डॉड बसला होता. सिगारेट पेटली. शिट्टी झाली.

बायका धावल्या आणि त्याच जागी येऊन पुन्हा थांबल्या. मेगनं डोळेच मिटून घेतले. कुणीतरी मागं पाऊल टाकलं. सगळ्यांच्या नजरा एप्पीच्या पाठीवर, आणि एप्पीचे पाय वाळूत रुतल्यासारखे. तिच्या कानात सँडी हसत होता. एकदा हसून पुढे गेले होते, तिच्या मनात आलं. आता पुन्हा पुढे गेले आणि हा ठोकळ्यावर बसलेला म्हाताराही गेला, तर? आणि मागे फिरले, तर उद्या ही वाट बुजेल, आणि तो पोराकडे कसा जाणार?

सिगारेटचा धूर वाऱ्यावर तिच्याकडे येत होता. तिनं मान वर केली, आणि तिची नजर रुळांवर गेली. काळे, ओले, एकावर एक रचलेले. एवढं लोखंड तिनं जन्मात एका जागी बघितलं नव्हतं. आमच्या माणसांना खिशातला एक खिळा पुरतो.

"अगं बायांनो," ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की लेफ्टनंट दचकला, "लोखंडच आहे की हे! गार लोखंड!"

"गार लोखंड!" मेगनं डोळे उघडले. "गार लोखंड!" सगळ्या ओरडल्या आणि रुळांवर तुटून पडल्या. पहिला रूळ उठला, बसला. दुसरा. तिसरा. प्रत्येक रुळाबरोबर तीच आरोळी. पोलंडची पोरंसुद्धा ओरडायला लागली, अर्थ न कळता. शेवटच्या रुळाला मात्र मेगचा पाय ओल्या वाळूवर घसरला, तिच्या बाजूनं रूळ कलला, आणि एप्पीच्या एकटीच्या अंगावर येऊ लागला.

तेव्हा काळा कोट मधे घुसला. मिस्टर गिलख्रिस्टांनी रुळाखाली खांदा दिला. त्यांचा चष्मा पडला, तोंडातून देवाच्या माणसाला न शोभणारा एक शब्द निघाला, पण खांदा त्यांनी काढला नाही. एप्पीनं जोर लावला आणि रूळ खोबणीत जाऊन आदळला.

आता हे शुभ धरायचं का अशुभ, कुणालाच सांगता येईना. काळ्या कोटातला आणि गार लोखंड एकाच वेळी हाताला लागण्याचा प्रसंग गावात आधी कुणावर आला नव्हता.

लेफ्टनंटच्या बोटांत अजून बोटभर सिगारेट उरली होती. ती त्यानं वाळूत फेकली, टाचा जुळवल्या, आणि रांगेतल्या एकूण एक बाईच्या हाताचं चुंबन घेतलं. मेगनं आपला हात आधीच परकराला पुसून ठेवला होता. "वाट तुमची," तो म्हणाला. एवढे शब्द त्यानं आमच्या भाषेत पाठ करून आणले होते. म्हणजे त्यालाही ती वाट राहायलाच हवी होती. हे लक्षात आलं तेव्हा एप्पीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावर मुका घेतला, आईनं घ्यावा तसा. तो बराच वेळ मान वर करेना.

ऑगुस्टिननं बायकांना रूळ काढून पुन्हा बाजूला रचायला मदत केली. गर्दी पांगली. मिस्टर गिलख्रिस्ट वाकडा झालेला चष्मा लावून, खांदा चोळत, सायकल घेऊन निघाले. पण खालच्या रस्त्यानं नाही. टेकडीच्या चढाची चिखलाची पायवाट त्यांनी धरली, आणि सायकल ढकलता ढकलता खोकू लागले.

एप्पी त्यांच्या मागं गेली. "तिकडून कुठं?" ती म्हणाली. "खालचा रस्ता सपाट आहे की."

ते थांबले. तिनं आपल्याशी बोलावं, याची त्यांना सवय नव्हती. "मी नेहमी वरूनच जातो, मिसेस काउई. परवा जर्मन आले वाटलं, म्हणून राहवलं नाही. पुन्हा नाही असं होणार."

"नेहमी म्हणजे कधीपासून?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सँडी गेल्यापासून. सकाळी तुम्ही लोक खालून निघता. कुणाला माझी अडचण नको."

एप्पी त्या पायवाटेकडे बघत राहिली. ती वाट टेकडीला वळसा घालून जाते. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ, बाकीचे दिवस चिखल. याच वाटेनं, छातीचं दुखणं घेऊन, हा माणूस रोज सकाळी आमच्या आळीतल्या आजाऱ्यांना बघायला येत होता. आणि इतकी वर्षं डॉडला पाठीवर घेऊन निघताना ती मनात म्हणायची, आजही आडवा आला नाही, नशीब चांगलं. ते नशीब नव्हतं. हा माणूस होता.

रडायची तिला लाज नव्हती, वेळ नव्हता एवढंच. आज मात्र ती तिथंच चिखलात उभी राहून ढसाढसा रडली.

"पोराला मी नेलं होतं पाठीवरून," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही नाही, मिस्टर गिलख्रिस्ट. तुमचे उपकार कसे फेडायचे मी?"

"अहो, काहीतरीच काय," ते पुटपुटले. त्यांचेही डोळे ओले झाले होते.

"उद्यापासून खालच्या रस्त्यानं या."

"आणि मिस्टर काउई? त्यांची होडी?"

एप्पीनं परकराच्या टोकानं नाक पुसलं. "वाटेत एवढं लोखंड पडलंय," ती म्हणाली. "लावेल की हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती चांगली होती. एप्पी डॉडला पाठीवर घेऊन ठोकळ्यांच्या रांगेतल्या वाटेनं निघाली, आणि खालच्या रस्त्यानं सायकल आली. मिस्टर गिलख्रिस्ट तिला बघून थबकले. पाय खाली टेकून, वळू का नको अशा विचारात उभे राहिले. एप्पी वळली नाही. ती रुळांपाशी जरा वाकली. डॉडनं तिच्या पाठीवरूनच एक हात लांब करून लोखंडाला लावला, दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी उचलली आणि म्हणाला, "आज हवा बरी आहे, मिस्टर गिलख्रिस्ट." मग एप्पी त्याला घेऊन पाण्यात शिरली.